दार बाहेरून भक्कम हवे, आतून मोकळे

घरफोडीच्या बातमीतले एक वाक्य ठरलेले असते : ‘चोरट्यांनी दरवाजाचा कडी-कोयंडा उचकटून आत प्रवेश केला.’ आगीच्या बातमीतही असेच एक वाक्य वारंवार येते : ‘बाहेर पडता न आल्याने मृत्यू झाला.’ पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यातल्या वाचकांना दोन्ही वाक्ये पाठ झाली असतील. एका वाक्यात दार चोरासाठी फार लवकर उघडते, दुसऱ्यात ते घरच्या माणसासाठी उघडतच नाही. म्हणजे ग्रिल, शटर, सेफ्टी डोअर यांवर हजारो रुपये खर्च होतात आणि तरीही दाराची दोन्ही कामे अर्धवट राहतात. याचे एक कारण असे की, ही वस्तू घेताना तिचे भाग आणि त्यांची नावे ग्राहकाला ठाऊक नसतात. फॅब्रिकेटर सांगेल ते आणि शेजाऱ्याने बसवले तसे, एवढाच निकष उरतो.

३० ऑगस्टची पहाट

३० ऑगस्ट २०२३. चिखलीतील पूर्णानगर येथे एका हार्डवेअरच्या दुकानाला पहाटे आग लागली. दुकानाच्या पोटमाळ्यावर झोपलेल्या कुटुंबातले आई, वडील आणि दोन मुलगे असे चौघेही दगावले. दुकान आणि घर एकाच गाळ्यात, समोर एकच शटर, माल छतापर्यंत रचलेला, ही त्या एका दुकानाची गोष्ट नाही. आकुर्डी, थेरगाव, मोशीपासून खराबवाडी, म्हाळुंगे, निघोजेपर्यंत असे गाळे शेकड्याने दिसतात. भाडे दोन ठिकाणी परवडत नाही आणि मालाची राखणही होते, म्हणून माणसे आतच झोपतात.

१९ मार्च २०२५ रोजी हिंजवडीत कर्मचाऱ्यांना घेऊन जाणाऱ्या टेम्पो ट्रॅव्हलरने पेट घेतला. पुढे बसलेले उतरले. मागे बसलेल्या चौघांना मागचा दरवाजा उघडता आला नाही आणि ते जळून मरण पावले. आग लावल्याचा आरोप चालकावर झाला. तो तपासाचा भाग. पण त्या दिवशी जगणे आणि मरणे यांच्यामध्ये एक न उघडणारे दार होते, हे त्या तपासाने बदलत नाही.

म्हणून दार असो की ग्रिल, ते घेण्यापूर्वी दोन प्रश्न विचारायला हवेत. बाहेरच्या माणसाला हे तोडायला किती मिनिटे लागतील? आणि आतल्या माणसाला, अंधारात, धुरात, किल्ली न शोधता, हे उघडायला किती सेकंद लागतील? पहिले उत्तर जितके मोठे तितके चांगले आणि दुसरे जितके लहान तितके चांगले. बाजारात मात्र फक्त पहिल्याच प्रश्नावर माल विकला जातो.

ग्रिल : वजन कुठे, किंमत कुठे

खिडकीच्या ग्रिलचे भाग मोजकेच. बाहेरची चौकट, आतले उभे गज (चौकोनी किंवा गोल बार), त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या आणि ग्रिल भिंतीत धरून ठेवणारे होल्डफास्ट किंवा अँकर बोल्ट. भिंतीबाहेर पेटीसारखी काढलेली ती बॉक्स ग्रिल. कुंड्या, कपडे आणि जुन्या सायकली ठेवण्यासाठी ती लोकप्रिय आहे.

इथे ग्राहक फसतो तो जाडीत. १० मिलिमीटरच्या भरीव चौकोनी बारचे वजन मीटरला साधारण ७८५ ग्रॅम भरते, १२ मिलिमीटरच्या बारचे साधारण १ किलो १३० ग्रॅम. चार बाय चार फुटांच्या खिडकीला दहा सेंटिमीटर अंतराने गज लावले तर पहिल्यात सुमारे १४ किलो लोखंड लागते, दुसऱ्यात सुमारे २० किलो. वाकवायला मात्र जाड बार पाऊणपटीच्या आसपास अधिक अवघड जातो. दर चौरस फुटावर ठरला असेल तर बारीक बार लावण्यात बनवणाऱ्याचा फायदा असतो. दर किलोवर ठरला असेल तर गरज नसताना नक्षी वाढवण्यात. म्हणून दर कोणताही असो, कोटेशनवर बारची जाडी, तो भरीव की पोकळ आणि दोन गजांमधले अंतर, या तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. पोकळ पाइपची ग्रिल दिसायला जाडजूड असते, पण करवतीला ती फार वेळ दाद देत नाही.

वेल्डिंगचेही तसेच. नुसता टाका मारलेला सांधा आणि पूर्ण वेल्ड केलेला सांधा रंग दिल्यावर सारखेच दिसतात. म्हणून ग्रिल रंगण्याआधी पाहावी. रेड ऑक्साइडचा हात देण्यापूर्वी सांधे तपासले की अर्धे काम झाले. स्टेनलेस स्टील घेणाऱ्याने २०२ आणि ३०४ हे दोन आकडे लक्षात ठेवावेत. २०२ मध्ये निकेल कमी असते, ते स्वस्त पडते आणि पावसाळी हवेत त्यावर गंजाचे डाग लवकर येतात. पत्र्याच्या बाबतीत गेजचा आकडा उलटा चालतो. आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ. १६ गेज म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर, १८ गेज म्हणजे साधारण १.२. ‘अठरा गेज लावतो, सोळापेक्षा भारी’ असे कुणी म्हणाले, तर तो एक तर अजाण आहे किंवा समोरच्याला अजाण समजतो आहे.

गजांमधले अंतर हा सौंदर्याचा प्रश्न नाही. जुलै २०२५ मध्ये पुण्याच्या कात्रज भागात चार वर्षांची मुलगी तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीच्या गजांमधून बाहेर सरकली आणि लटकून राहिली. घराला बाहेरून कुलूप होते. शेजारीच राहणारा, सुट्टीवर असलेला अग्निशमन दलाचा जवान धावला, मुलीची आई कुलूप उघडायला पोहोचली, म्हणून मूल वाचले. ग्रिल होती, पण तिच्यातले अंतर लहान मुलाला अडवणारे नव्हते. वाकड, पिंपळे सौदागर, मोशी इथल्या उंच इमारतींत ग्रिल चोरापेक्षा मुलांसाठीच जास्त लागते. तिथे दोन गजांत चार इंचांपेक्षा कमी अंतर हवे आणि लहान मुलाला शिडीसारख्या वापरता येतील अशा आडव्या पट्ट्या खालच्या भागात नकोत.

आता दुसरा प्रश्न. ही ग्रिल आतून उघडते का? बहुतेक घरांत उत्तर ‘नाही’ असे येते. प्रत्येक खिडकी कायमची बंद. फॅब्रिकेटर मागितल्यास ग्रिलमध्ये बिजागरीवर उघडणारा एक भाग करून देतो. मोठा माणूस वाकून निघू शकेल इतका, म्हणजे निदान दोन बाय अडीच फुटांचा भाग ठेवावा. त्याला कुलूप लावायचेच असेल तर किल्ली खिडकीजवळच, पण बाहेरून हात पोहोचणार नाही अशी टांगावी. ती घरातल्या प्रत्येकाला, आजीला आणि दहा वर्षांच्या मुलालाही, माहीत असावी. आतल्या खटक्याने उघडणारी सोय त्याहून बरी. खर्च थोडा वाढतो. पण घराला बाहेर जायची दुसरी वाट मिळते.

शटर : सोपे यंत्र, अवघड प्रसंग

दुकानाच्या शटरमध्ये पत्र्याच्या एकमेकांत अडकणाऱ्या पट्ट्या असतात. त्या दोन्ही बाजूंच्या गाइड चॅनेलमधून वर-खाली सरकतात. वर पाइपवर गुंडाळल्या जातात आणि त्या पाइपवरची स्प्रिंग शटर खाली येताना ताणली जाते. वर उचलताना तीच स्प्रिंग वजन पेलते, म्हणून एका हाताने शटर उचलता येते. वरचा झाकणाचा पत्रा म्हणजे हूड, खालची जाड पट्टी म्हणजे बॉटम प्लेट, मधले ते सेंटर लॉक आणि कडेची ती साइड लॉक. शटर रुंद असेल तर साखळी-गिअर किंवा मोटर लावतात. भारतीय मानक ब्युरोचे शटरसाठी आयएस ६२४८ हे स्वतंत्र मानक आहे. पण गल्लीतल्या दुकानाचे शटर घेताना ते कुणी विचारत नाही.

स्प्रिंग ढिली पडली की शटर जड होते. गाइडमध्ये कचरा साठला की ते वाकडे चढते आणि अडकते. रोजच्या व्यवहारात ही किरकोळ कटकट असते, ‘जरा धक्का दे’ म्हटले की काम होते. आगीत तेच प्राणघातक ठरते. उष्णतेने पट्ट्या फुगतात, वाकतात आणि गाइडमध्ये घट्ट बसतात. मोटरचे शटर असेल तर वीज गेल्याक्षणी बटण निकामी होते. हाताने चालवायची साखळी आतल्या बाजूला नसेल, तर आतला माणूस लोखंडाच्या भिंतीमागे राहतो. धूर नेहमी वर साठतो आणि पोटमाळाही वरच असतो. आगीत बहुतेक माणसे भाजण्यापूर्वी धुराने गुदमरतात. पोटमाळ्यावर झोपलेल्याला जाग येईपर्यंत खाली येण्याचा जिना काळ्या धुराने भरलेला असतो.

म्हणून शटर असलेल्या गाळ्यात माणसे झोपू नयेत, हे पहिले सांगणे. परिस्थितीने झोपावे लागत असेल, तर मागच्या किंवा बाजूच्या भिंतीत आतून उघडणारे साधे दार हवे आणि ते मालाच्या खोक्यांनी अडलेले नको. तेही अशक्य असेल, तर शटरमध्येच छोटे दार बसवता येते. बाजारात त्याला विकेट गेट म्हणतात.

चॅनेल गेट आणि सेफ्टी डोअर

सोसायटीच्या जिन्यात, बँकेच्या दारात, गोदामाच्या तोंडाशी जे दुमडणारे लोखंडी दार दिसते ते कोलॅप्सिबल, म्हणजे बोलीतले चॅनेल गेट. उभ्या चॅनेलच्या जोड्या, त्यांना कात्रीसारख्या जोडणाऱ्या तिरक्या पट्ट्या, सांध्यांवर रिव्हेट, वर-खाली रूळ आणि रोलर. यासाठीही आयएस १०५२१ हे मानक आहे. याचा दुबळा भाग खालचा रूळ. माती, लोखंडाचा कीस आणि पावसाचे पाणी त्यात बसते आणि वर्षभरात दार अर्ध्यावर अडू लागते. इमारतीच्या जिन्याला असे गेट लावून रात्री त्याला कुलूप घालणे आणि किल्ली सुरक्षारक्षकाच्या खिशात ठेवणे, ही अनेक सोसायट्यांची पद्धत आहे. त्या रात्री तो सुरक्षारक्षक चहाला गेला असेल तर काय, हा प्रश्न सर्वसाधारण सभेत कुणी विचारत नाही. पार्किंगच्या स्टिकरवर मात्र तासभर चर्चा होते.

फ्लॅटचे सेफ्टी डोअर म्हणजे मुख्य दाराबाहेरचे जाळीचे किंवा ग्रिलचे दुसरे दार. आतले दार न उघडता बाहेरचा माणूस पाहता यावा, हा त्याचा खरा उपयोग. घरफोडीच्या बातम्या नीट वाचल्या तर लक्षात येते की चोर गज कापत बसत नाही. तो कटावणीने कडी-कोयंडा उचकटतो. कारण तिथे पाऊण इंची स्क्रूवर सगळा भार असतो. महागडे कुलूप, जाडजूड अल्ड्रॉप आणि त्यांना धरणारा कोयंडा मात्र लाकडात जेमतेम रुतलेला. इथे पैसे न वाढवता सुरक्षा वाढते. कोयंडा आरपार बोल्टने कसावा, चौकटीतली पट्टी लांब स्क्रूने पक्की करावी आणि बाहेर लटकणाऱ्या कुलपाऐवजी दाराच्या जाडीत बसणारे मॉर्टिस लॉक लावावे. बाहेर लटकलेले कुलूप ‘घरात कुणी नाही’ हेही जाहीर करते.

मॉर्टिस लॉक घेताना एक शब्द जरूर विचारावा : आतून किल्ली लागते की नॉब आहे? दोन्ही बाजूंनी किल्लीने चालणारे कुलूप विक्रेता ‘जास्त सेफ’ म्हणून देतो. रात्री ते आतून लावून किल्ली कपाटात ठेवली, की घर पिंजरा होते. आतल्या बाजूला हाताने फिरणारा नॉब असलेले कुलूप चोरासाठी तितकेच कठीण असते आणि घरच्यांसाठी एका सेकंदाचे काम.

कायद्याला हे केव्हाच ठाऊक आहे

या सगळ्यात नवे काही नाही. १९०३ मध्ये शिकागोच्या इरोक्वॉइस नाट्यगृहात सहाशेहून अधिक प्रेक्षक मेले. अनेक दारे बंद होती किंवा उघडायची कशी ते कळत नव्हते. त्यानंतर अमेरिकेत अंगाने ढकलताच उघडणारा आडवा दांडा, म्हणजे पॅनिक बार, बाजारात आला. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात १४६ कामगार गेले, बहुतेक तरुण मुली. चोरी होऊ नये म्हणून तिथले एक दार कुलूपबंद होते. आपल्याकडे ८ डिसेंबर २०१९ रोजी दिल्लीच्या अनाज मंडीत ४३ कामगार गेले. खिडक्यांना लोखंडी जाळ्या होत्या आणि निघायच्या वाटा अडलेल्या होत्या.

भारताची राष्ट्रीय इमारत संहिता याबाबत स्पष्ट आहे. बाहेर पडण्याचे दार बाहेरच्या दिशेने उघडावे, साधारणपणे किमान एक मीटर रुंद असावे आणि आतून किल्लीशिवाय उघडावे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ३८ ने आगीच्या वेळी सुटकेची सुरक्षित वाट राखणे ही मालकाची जबाबदारी ठरवली. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने मालकाला किंवा भोगवटादाराला अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यायला लावले. लाल सिलिंडर, पंप, पाण्याची टाकी यांची नोंद त्यात होते. पण रात्री अकरा वाजता त्या इमारतीचे दार आतून उघडते का, हे पाहायला कोण जातो? दिवसा तपासणीला आलेल्या माणसाला सगळी दारे उघडीच दिसतात. आणि भाड्याच्या पत्र्याच्या खोल्या, पोटमाळ्याचे गाळे, छोटी वर्कशॉप यांच्यापर्यंत तर ती तपासणी क्वचितच पोहोचते. जिथे धोका सर्वाधिक, तिथेच कागद सर्वांत कमी, असा हा उलटा हिशेब आहे.

मालकाची अडचण खरी, उपाय चुकीचा

कारखानदाराची बाजूही ऐकायला हवी. चाकण-भोसरीतल्या छोट्या उद्योजकाकडे तांब्याची तार, पितळेचे भाग, डाय, कटिंग टूल असा सहज विकता येणारा माल असतो. एका रात्रीत लाखो रुपये जातात आणि विम्याचे कागद फिरवण्यात महिने जातात. रात्रपाळीत मागच्या दाराने माल सरकतो, असा त्याचा अनुभव असतो. म्हणून मागच्या दाराला कुलूप पडते. घरमालकाचेही तेच. दहा खोल्यांच्या चाळीला एकच लोखंडी गेट ठेवले की येणारे-जाणारे कळतात, भाडे बुडवून कुणी पळत नाही.

भीती खरी आहे, पण कुलूप चुकीच्या जागी पडते. चोरी रोखायची तर कुलूप मालाला लावावे, माणसांना नाही. तांब्या-पितळेसाठी वेगळी जाळीची खोली करता येते. कंपाउंडच्या भिंतीवर आणि बाहेरच्या गेटवर खर्च करता येतो. मागच्या दाराला पॅनिक बार आणि त्याला जोडलेला भोंगा लावला, तर दार कुणीही उघडू शकते, पण गुपचूप उघडू शकत नाही. मालकाला हवे ते यात मिळते आणि कामगाराचा जीवही सुरक्षित राहतो. पॅनिक बार महाग वाटतो, हे खरे. पण जो मालक लाखांची यंत्रे हप्त्यावर घेतो, त्याला हा खर्च अशक्य नाही. तो फक्त कुणी मागितलेला नसतो.

दिंडी विसरलेला महाराष्ट्र

गंमत अशी की बंदोबस्त आणि वावर यांचा मेळ घालणे मराठी माणसाला शिकवावे लागू नये. किल्ल्याच्या, वाड्याच्या मोठ्या दरवाजात एक छोटे दार ठेवलेले असते, ती दिंडी. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर हत्तीने धडक देऊ नये म्हणून अणकुचीदार खिळे आहेत आणि त्याच दरवाजात एका माणसाने वाकून जाण्याजोगी दिंडीही आहे. बाहेरच्या फौजेला दार बंद, आतल्या माणसाला वाट मोकळी. आज ज्याला विकेट गेट म्हणतात ती हीच. कारखान्याच्या गेटला, गोदामाच्या शटरला, सोसायटीच्या चॅनेल गेटला आतून उघडणारी दिंडी सक्तीची केली तर कुणाची सुरक्षा कमी होणार नाही.

हे काम महापालिका, एमआयडीसी आणि पीएमआरडीए यांनी करायचे आहे. अग्निसुरक्षेच्या तपासणीत एक ओळ वाढवायची : ‘प्रत्येक निर्गमन दार आतून किल्लीशिवाय उघडते का?’ आणि ती तपासणी रात्रीच्या वेळी, अचानक करायची. ज्या गाळ्यात माणसे झोपतात आणि शटरशिवाय दुसरी वाट नाही, त्याची नोंद करून ठरावीक मुदतीत दुसरे दार काढायला लावायचे. सरसकट सील ठोकले तर ते कुटुंब दुसऱ्या गाळ्यात, दुसऱ्या शटरमागे जाऊन झोपेल. भाड्याच्या खोल्यांसाठी घरमालकावर जबाबदारी टाकायची. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायला त्याला वेळ असतो, तसा खिडकीच्या ग्रिलमध्ये एक उघडा भाग करून द्यायलाही असू शकतो. आणि फॅब्रिकेटरांनाही यात घ्यायला हवे. ग्राहक सगळ्यात जास्त ऐकतो तो त्यांचेच. त्यांनी ‘एक भाग उघडणारा ठेवू का?’ एवढे विचारायची सवय लावून घेतली, तर कुठल्याही परिपत्रकापेक्षा जास्त दारे बदलतील.

तोवर प्रत्येक घरात, गाळ्यात आणि शॉपमध्ये एक साधी परीक्षा आज रात्रीच घेता येईल. दिवे बंद करायचे, किल्ल्यांना हात लावायचा नाही आणि घरातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत म्हाताऱ्या माणसाला बाहेर पडायला सांगायचे. ते अर्ध्या मिनिटात बाहेर आले, तर दार चांगले आहे. नाही आले, तर उद्या सकाळी फॅब्रिकेटरला बोलावायला हवे.